बर्फ नसलेली स्मूदी



मे महिन्यात दिग्रसचा पारा 44 च्या पुढे गेला की दुपारी कूलरसुद्धा गरम वारा फेकतो. अशाच एका दुपारी सुनेने फ्रीझरमधल्या आंब्याच्या फोडी दुधात घालून मिक्सरमधून फिरवल्या आणि पेला माझ्यापुढे धरला. "आई, स्मूदी. यात मध नाही, बर्फ नाही. चालेल ना?"

मला बर्फाचा त्याग आहे. पण त्या फोडी दगडासारख्या गोठलेल्या मी पाहिल्या होत्या. 'हो' म्हणवेना, 'नाही' म्हणवेना. शेवटी पेला नातवाला दिला. सुनेचं तोंड उतरलं, आणि मलाही दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं.

आपल्या बावीस अभक्ष्यांत हिम आणि करा, म्हणजे बर्फ आणि गारा, दोन्ही येतात. शांतिसूरींच्या 'जीवविचार प्रकरणा'तही दव, हिम, गारा अप्कायात मोजल्या आहेत. हे सांगितलं गेलं तेव्हा आपल्या भागातल्या बाईला गारपिटीशिवाय बर्फ दिसलाही नसेल. मग तो आपल्या घरात आला कसा?

अकबराच्या दरबारात पाणी सोऱ्याने गार करत, असं 'आईन-इ-अकबरी'त आहे. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो. त्या पाण्यात पिण्याच्या पाण्याची सुरई फिरवत ठेवायची. दरबार लाहोरला असताना डोंगरातून बर्फही येई. पण ती बादशाही चैन होती.

व्यापारी बर्फ आला तो थेट अमेरिकेहून. 1833 मध्ये बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ 'टस्कनी' जहाजातून कलकत्त्याला पाठवला. निघताना सुमारे 180 टन, चार महिन्यांनी पोचला तो सुमारे 100 टन. मी कॉमर्सची, एवढी घट सोसूनही धंदा फायद्यात राहिला याचं मला नवल वाटतं. पुढच्याच वर्षी बर्फ मुंबईत उतरला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, आणि यजमानांसह पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'ने दिली! पुढे यंत्रावर बर्फ बनू लागला, परदेशी बर्फ बंद झाला, आणि फ्रिज आल्यावर तो प्रत्येक स्वयंपाकघरात येऊन बसला.

आपल्या सासवा-आज्यांकडे मात्र माठ होता. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेर वाळतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. उकाळलेलं पाणी परातीत निववायचं आणि उन्हाळ्यात पाच प्रहरांच्या आत वापरायचं, हा त्यांचा हिशेब कधी चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुनेला हे सगळं सांगितलं. ती ऐकून हसली आणि तिनेच मार्ग काढला. आंबे सकाळीच पाण्यात टाकले. तापवून निवलेल्या दुधाच्या तांब्याला ओलं फडकं गुंडाळून तो खिडकीच्या वाऱ्यात ठेवला. दुपारी गर, दूध, वेलची आणि थोडी खडीसाखर मिक्सरमधून फिरवली. दातांना झिणझिण्या आल्या नाहीत, पण जीव निवाला. दोघींनी बरोबर बसून प्यायलो.

तुमच्या घरी गोठवलेली फळं चालत असतील तर तो तुमचा नियम, तुमचा भाव; मी बोट दाखवणार नाही. शंका असेल तर महाराज साहेबांना विचारावं. एवढं मात्र लक्षात असू द्या: आर्द्रा नक्षत्र लागलं की आपला आंबा बंद. फ्रीझर ते नक्षत्र पुढे ढकलू शकत नाही. म्हणून साठवण करतानाच मोजून करा.