वशिला, प्रीमियम आणि नाशिकची कॉर्नेलिया



गेल्या महिन्यात इथे ब्रिस्टलमध्येच एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. त्याची मुलगी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सध्या घरात एकच विषय : व्हॅकेशन स्कीमचे फॉर्म. मित्राने हळूच विचारलं, "तुझ्या ओळखीत कुणी सॉलिसिटर आहे का रे?" मुलगी भडकली, "बाबा, इथे असं नसतं!" मला दोघांचंही थोडंथोडं पटलं, आणि मग जरा इतिहास चाळला. आपल्यापैकी बरेच जण इंजिनिअर, कॅम्पस इंटरव्ह्यूवर पोसलेले. ही वकिलीची भानगड आपल्या मुलांमुळे घरात शिरते आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी शब्द समजून घेऊ. आज ज्याला ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट म्हणतात, म्हणजे फर्ममधली दोन वर्षांची पगारी उमेदवारी, त्याचं जुनं नाव 'आर्टिकल्स'. आपल्याकडे सीएची मुलं आर्टिकलशिप करतात, तोच शब्द. इंग्लंडमध्ये १७२९ च्या कायद्याने सॉलिसिटर व्हायला पाच वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. १८२१ पासून ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि डब्लिनच्या पदवीधरांना ती तीन वर्षांवर आली. आता गंमत अशी की या उमेदवारीत पगार सहसा नसायचाच, उलट मुलाच्या बापाने वकिलाला 'प्रीमियम' मोजायचा. तोही काही शे गिनींपर्यंत जाई. वर करारावर सरकारचा स्टँप, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ८० पौंडांचा. म्हणजे बापाकडे पैसा हवा आणि त्या ऑफिसात ओळख हवी. डोनेशन सीट हा आपला शोध नाही मंडळी!

ब्रिस्टल या धंद्यात जुनं. ऑसबोर्न क्लार्क आपलं मूळ १७४८ पर्यंत नेते, इथली लॉ सोसायटी १७७० ची आणि बर्जेस सॅमन १८४१ ची. ब्रुनेलच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं कायद्याचं काम याच ऑसबोर्नांच्या ऑफिसातून चाले. टेम्पल मीड्सवर गाडीची वाट बघताना हे आठवतं. अशा घरगुती ऑफिसांत शिरकाव म्हणजे मुलगा, पुतण्या किंवा अशिलाचा मुलगा.

आता आपल्याकडे बघा. मराठीत नावाआधी 'बॅ.' लावायची केवढी हौस! बॅ. जयकर, बॅ. नाथ पै, बॅ. अंतुले. विलायतेहून 'सॉलिसिटर' होऊन आलेला किती जणांना आठवतो? माझ्या मते याचं कारण साधं आहे. बॅरिस्टर व्हायला इनमध्ये नाव घालायचं, फी भरायची, ठरलेली डिनर्स जेवायची आणि परीक्षा द्यायची. कुण्या इंग्रज मालकाने 'ये, माझ्या ऑफिसात बस' म्हणायची गरज नव्हती. सॉलिसिटरच्या वाटेवर मात्र पहिलं दारच दुसऱ्याच्या हातात.

अर्थात बॅरिस्टर झाल्यावरही ते दार भेटायचंच. डॉ. आंबेडकर ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये मुंबई हायकोर्टात उभे राहिले. पण मुंबईच्या पद्धतीत ओरिजिनल साइडला बॅरिस्टरला काम मिळायचं ते सॉलिसिटरकडून, आणि फोर्टातल्या सॉलिसिटरांनी अस्पृश्य म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवली. एवढ्या डिग्र्या घेतलेल्या माणसाला सुरुवातीची कामं बाहेरच्या, मुफसल कोर्टांतून शोधावी लागली. परीक्षा पास होणं वेगळं आणि कुणीतरी दारात उभं करणं वेगळं, ते हे असं.

पण मला खरी सांगायची आहे ती कॉर्नेलिया सोराबजीची गोष्ट. जन्म नाशिकचा, १८६६ चा. वडील पारशी घरातून ख्रिस्ती झालेले, आईने पुण्यात शाळा चालवलेल्या. ही डेक्कन कॉलेजात शिकली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर झाली. मार्क असे की विलायतेची सरकारी स्कॉलरशिप तिलाच मिळायची, पण बाई म्हणून नाकारली. मग १८८८ मध्ये लेडी हॉबहाउस यांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून वर्गणीचं आवाहन केलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनेही पैसे दिले. लंडनमध्ये आधार मिळाला तो नॅशनल इंडियन असोसिएशनच्या मिस मॅनिंग यांचा. आणि ही असोसिएशन स्थापन झाली कुठे? आपल्या ब्रिस्टलमध्ये, १८७० मध्ये! मेरी कार्पेंटर बाईंनी काढली. राममोहन रॉय १८३३ मध्ये इथेच स्टेपलटनला वारले, त्यांचा या बाईंवर मोठा प्रभाव. कॉलेज ग्रीनवरचा राममोहन यांचा पुतळा आपण पाहुण्यांना दाखवतो, पण हा धागा सांगत नाही.

कॉर्नेलिया १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये आली. बेलिओलचे मास्टर जोवेट तिच्या पाठीशी होते. १८९२ मध्ये खास परवानगीने ती बी.सी.एल.च्या परीक्षेला बसली, तशी बसलेली पहिली बाई. पास झाली, पण पदवी नाही, कारण बायकांना पदवी देण्याची सोयच नव्हती. ती हातात पडली १९२२ मध्ये, तीस वर्षांनी.

परीक्षेनंतर तिने काही महिने लंडनच्या ली अँड पेम्बर्टन या सॉलिसिटर फर्ममध्ये काम शिकून घेतलं. म्हणजे आजच्या भाषेत व्हॅकेशन स्कीमच, फक्त शेवटी ऑफर येण्याची शक्यता शून्य. इथे जरा थांबा. हॉबहाउस, जोवेट, नाइटिंगेल : यापेक्षा मोठा वशिला त्या काळी कुणाचा असेल? तरी काही चाललं नाही, कारण तिथे अडसर ओळखीचा नव्हताच, कायद्याचा होता. मायदेशी परतून तिने मुंबईची एलएल.बी. केली, अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली, तरी सनद नाही. शेवटी १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सची सल्लागार म्हणून ती पडद्यातल्या बायकांच्या इस्टेटी सांभाळू लागली.

तिकडे इंग्लंडमध्ये १९१३ मध्ये ग्विनेथ बेब आणि तिच्या तीन मैत्रिणींनी लॉ सोसायटीला कोर्टात खेचलं. १८४३ च्या सॉलिसिटर कायद्यात 'व्यक्ती' असा शब्द आहे, मग बाई व्यक्ती नाही का, एवढाच प्रश्न. कोर्ट म्हणालं, आजवर एकही बाई अॅटर्नी झालेली नाही, तेव्हा नाही. (आधी झाली नाही म्हणून आता नाही, आमच्या धंद्यात याला इन्फिनिट लूप म्हणतात.) हा लूप तोडला १९१९ च्या कायद्याने. १९२२ मध्ये कॅरी मॉरिसन पहिली महिला सॉलिसिटर झाली. १९२३ मध्ये कॉर्नेलिया लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाली. तेव्हा ती छप्पन्न वर्षांची होती.

पुढचं भराभर सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रीमियम हळूहळू गेला आणि पगार आला. १९९० च्या सुमारास 'आर्टिकल्ड क्लार्क'चा 'ट्रेनी सॉलिसिटर' झाला. मोठ्या फर्म दोन-दोन वर्षं आधी भरती करू लागल्या आणि सुट्टीतले एक ते तीन आठवडे हाच त्यांचा लांबलचक इंटरव्ह्यू झाला. बऱ्याच फर्म आपले बहुतेक ट्रेनी यातूनच उचलतात. म्हणून मित्राची मुलगी दुसऱ्या वर्षातच धावते आहे. लॉ न शिकणारी मुलं सहसा शेवटच्या वर्षात अर्ज करतात.

ओळख अजून चालते का? फॉर्म सगळ्यांना खुला आहे, आणि काही फर्म तर इंटरव्ह्यू घेणाऱ्याला कॉलेजचं नावही कळू देत नाहीत. पण ज्या घरात रोज जेवताना कंपन्यांच्या खरेदी-विक्रीच्या गप्पा होतात, तिथल्या मुलाला 'तुम्हाला कमर्शियल लॉच का?' हा प्रश्न सोपा जातो. आपल्या घरात जेवताना सर्व्हर का पडला यावर बोलणं होतं. तेही वाया जात नाही बरं का! डेटा, सॉफ्टवेअर लायसन्स, आउटसोर्सिंगचे करार या कामाची ब्रिस्टलच्या फर्मना चांगली ओळख आहे, आणि आपल्यापैकी निम्म्यांनी असे करार क्लायंटच्या बाजूने भोगलेले आहेत. मुलांना ते सांगा.

आणखी एक. सप्टेंबर २०२१ पासून एसक्यूई परीक्षा आली. आता दोन वर्षांचा अनुभव एकाच फर्मचा हवा असं नाही, चार ठिकाणांपर्यंत तुकड्यांनी चालतो. विद्यापीठातलं मोफत सल्ला केंद्र, पॅरालीगलची नोकरी हेही त्यात धरता येतं, मात्र ते काम तिथल्या सॉलिसिटरने किंवा ठरलेल्या अधिकाऱ्याने सही करून मान्य करायला हवं. ती सही काम चालू असतानाच घेऊन ठेवा, नंतर माणसं नोकऱ्या बदलतात.

आपला,
एक ब्रिस्टलकर