जुनाट वेदना आणि विसराळूपणा

बार्शी (जि. सोलापूर) येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा व भूम तालुक्यांतील गावोगावी जाऊन कार्यकर्ते लोकांना लक्षणे विचारू लागले आणि संशयितांना बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात तपासणीसाठी येण्यास प्रवृत्त करू लागले. परिणामी गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत आढळू लागला. विचारल्यावाचून सांगितले न जाणारे असेच एक लक्षण जुनाट वेदनेच्या रुग्णांत आढळते. ते म्हणजे विसराळूपणा.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा वारंवार उद्भवणाऱ्या वेदनेस जुनाट वेदना म्हणतात. कंबरदुखी, संधिवात, मधुमेहातील मज्जातंतूंची वेदना, कर्करोगावरील उपचारांनंतर उरणारी वेदना ही तिची परिचित रूपे होत.

वेदना हा धोक्याचा इशारा असल्याने मेंदूला तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. अवधानाचा मोठा वाटा तिच्यातच खर्ची पडतो. त्यामुळे हिशेबातील हातचा विसरणे, वाचलेला परिच्छेद पुन्हा वाचावा लागणे, बोलताना शब्द न सुचणे असे प्रकार घडतात. अनेकदा आठवण पुसली गेलेली नसते. ती मुळात नीट नोंदलीच गेलेली नसते. अपुरी झोप व उदासीनता यांची त्यात भर पडते. प्रिगॅबालिन, ॲमिट्रिप्टिलीन, ट्रॅमाडॉल यांसारख्या वेदनेवरील औषधांमुळेही गुंगी येऊ शकते. मात्र ती परस्पर बंद करू नयेत.

जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांत मेंदूच्या करड्या द्रव्याचे प्रमाण कमी असल्याचे अमेरिकेतील संशोधकांनी २००४ मध्ये दाखविले. कॅनडातील २०११ च्या अभ्यासात उपचारांनी वेदना कमी झालेल्या रुग्णांत मेंदूतील हे बदल काही अंशी भरून निघाल्याचे दिसले. म्हणजेच ही हानी कायमचीच असते असे नाही.

वेदना वाढली की वाढणारा आणि ती ओसरली की कमी होणारा विसराळूपणा हा सहसा स्मृतिभ्रंश नसतो. परंतु ओळखीचे रस्ते चुकणे, नित्याचे व्यवहार न जमणे, विस्मरण सतत वाढत जाणे ही लक्षणे दिसल्यास मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. थायरॉईड व ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणीही उपयुक्त ठरते.

घरच्यांनी या विसराळूपणास आळस वा बहाणा समजू नये. ‘दुखते का?’ या प्रश्नाबरोबरच ‘लक्ष लागते का, आठवते का?’ हेही विचारले गेले, तर उपचाराची दिशा लवकर सापडू शकते.