माटुंगा : वस्तीची घडण आणि बाजारपेठेचे स्वरूप

प्रस्तावना

शहरातील बाजारपेठेचा अभ्यास करताना भांडवल, जागेचे मोल आणि दळणवळण या घटकांचा प्रामुख्याने विचार केला जातो. ग्राहक कोण होता, तो एकटा राहत होता की कुटुंबासह, हे प्रश्न मात्र मागे पडतात. प्रस्तुत लेखात मुंबईतील माटुंगा या वस्तीच्या आधारे या प्रश्नांचा परामर्श घेतला आहे. माटुंगा प्रशासकीयदृष्ट्या शहराच्या हद्दीत असले, तरी त्याची घडण उपनगराचीच होती.

वस्तीची घडण

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. तिच्या पार्श्वभूमीवर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि दादर-माटुंगा परिसरात नियोजित वसाहतींची आखणी सुरू झाली. १९०१ च्या जनगणनेत ७,७६,००६ असलेली शहराची लोकसंख्या १९२१ मध्ये ११,७५,९१४ झाली. याच काळात फोर्ट भागातील कचेऱ्यांना इंग्रजी जाणणारे कारकून, टंकलेखक व लघुलेखक हवे होते. ही गरज बऱ्याच अंशी दक्षिणेकडून, विशेषतः तमिळ प्रदेश व पालघाट येथून आलेल्या सुशिक्षित तरुणांनी भागवली. चाळीतील सामाईक संडासापेक्षा स्वतंत्र स्वयंपाकघर व न्हाणीघर असलेला ब्लॉक सोवळेओवळे पाळणाऱ्या या कुटुंबांना अधिक सोयीचा होता. रेल्वेमुळे कचेरीही आवाक्यात राहिली.

बाजारपेठेचे स्वरूप

या वस्तीत दोन प्रकारचे ग्राहक होते. पहिला, नोकरीसाठी एकटा आलेला पुरुष. त्याला दोन वेळच्या घरगुती, शाकाहारी जेवणाची गरज होती. १९४० मध्ये सुरू झालेले कॅफे मद्रास आणि १९४२ मध्ये ए. रामा नायक यांनी माटुंगा स्थानकाजवळ काढलेले उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग ही या गरजेतून उभी राहिलेली ठळक उदाहरणे होत. येथे एक बाब लक्षणीय आहे. ग्राहकांत तमिळ भाषकांचा भरणा मोठा होता, तर खाणावळींचे चालक बहुधा कर्नाटकाच्या किनारपट्टीवरून आलेले होते. वस्तीने निर्माण केलेली संधी त्याच भाषिक गटाच्या हाती जाते असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

दुसरा ग्राहक म्हणजे कुटुंब. घर थाटले की ताजी दळलेली कॉफी, केळीची पाने, शेवग्याच्या शेंगा, गजरे, पितळी भांडी आणि रेशमी साड्या यांना मागणी येते. ठरावीक तारखेला पगार होणाऱ्या अशा ग्राहकामुळे दुकानदाराला मालाचा अंदाज बांधणे सोपे जाते. आस्तिक समाज (१९२३), म्हैसूर असोसिएशन (१९२६) आणि साऊथ इंडियन एज्युकेशन सोसायटी (१९३२) या संस्थांमुळे सण, संगीत व शिक्षण यांभोवतीचा व्यवहारही याच परिसरात स्थिरावला.

स्थित्यंतर

पुढील पिढीला माटुंग्यातील जागा अपुऱ्या पडू लागल्या. अनेक दाक्षिणात्य कुटुंबे चेंबूर, मुलुंड, डोंबिवली येथे स्थायिक झाली आणि माटुंग्यात गुजराती व कच्छी कुटुंबांची संख्या वाढली. १९६६ मध्ये शिवसेनेची स्थापना झाल्यानंतरच्या काळात दाक्षिणात्यांविरुद्धच्या आंदोलनाची झळ उडिपी उपाहारगृहांनाही बसली. तरीही माटुंग्याची बाजारपेठ मोडली नाही. राहण्यास दूर गेलेला ग्राहक सणासुदीच्या खरेदीसाठी परत येत राहिला. १९६३ मध्ये खुल्या झालेल्या षण्मुखानंद सभागृहानेही या ओढीला बळ दिले. शेजारच्या वस्तीवर उभा राहिलेला बाजार अशा रीतीने संपूर्ण महानगराच्या दाक्षिणात्यांचा बाजार झाला. नव्याने आलेला शाकाहारी गुजराती ग्राहकही त्याच खाणावळींत सामावला गेला.

निष्कर्ष

माटुंग्याच्या उदाहरणावरून असे म्हणता येते की, व्यवसायाची संधी केवळ लोकसंख्येच्या वाढीतून निर्माण होत नाही. कुटुंबाची रचना, आहाराचे नियम, उत्पन्नाची नियमितता आणि वस्तीतील संस्था यांवर तिचे स्वरूप अवलंबून असते. आज मुंबईतील जुन्या इमारतींचा पुनर्विकास होत असताना नव्या सदनिकांची संख्या मोजली जाते. परंतु त्यांत कोण राहावयास येणार आणि पदपथावरील फुलवालीचा ग्राहक शिल्लक राहणार काय, याची नोंद क्वचितच घेतली जाते. ती न घेतल्यास लोकवस्ती वाढूनही बाजार ओस पडण्याचा धोका संभवतो. नगरनियोजनात घरांइतकाच घरातील माणसांचाही विचार होणे म्हणूनच अगत्याचे आहे.