सैतानमाशाचा उत्सव

मराठीने व्हेलला देवमासा म्हटले. तो मासा नव्हे, पिलांना दूध पाजणारा आणि फुप्फुसांनी श्वास घेणारा प्राणी आहे, हे शाळेतल्या मुलासही ठाऊक असते. तरी ते नाव आम्हांस सोडवत नाही, आणि आजच्या विषयात तर ते सोडून चालावयाचेच नाही. कारण ज्या जातीच्या देवमाशाविषयी आम्ही बोलणार आहो, त्याला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे शिकारी एके काळी 'सैतानमासा' म्हणत. पुढे सव्वाशे वर्षांच्या आत त्याच किनाऱ्यावर त्याच प्राण्याच्या नावाने उत्सव भरू लागले, मिरवणुका निघू लागल्या, शाळेतली मुले टेकडीवर जाऊन त्याची वाट पाहू लागली. हे कसे घडले हे पाहण्याजोगे आहे. आणि ते केवळ माणसाच्या अंतःकरणातील दयेने घडले असे ज्यांना वाटते, त्यांनी तर अवश्य पाहावे.

हा करडा देवमासा. लांबी तेरा ते पंधरा मीटर, वजन तीस टनांच्या वर, अंगावर शिंपांसारख्या जीवांची पुटे चढलेली. उन्हाळ्यात तो उत्तरेस बेरिंग व चुकची समुद्रांत तळाचा चिखल गाळून पोट भरतो; हिवाळा आला म्हणजे दक्षिणेस निघतो तो थेट मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या उथळ, उबदार खाड्यांत जाऊन थांबतो. तेथे माद्या वितात. वसंतात पुन्हा उत्तरेची वाट. एका बाजूचा प्रवास आठ ते दहा हजार किलोमीटरांचा, आणि त्यात खाणे जवळजवळ नाहीच. इतर मोठे देवमासे भर समुद्रातून जातात. हा मात्र किनारा धरून चालतो. या एका खोडीने त्याचा घात केला, आणि पुढे याच खोडीने त्याला लोकांच्या डोळ्यांसमोर आणले.

१८५७ हे साल आपल्या स्मरणात निराळ्या कारणाने आहे. त्याच सालच्या हिवाळ्यात चार्ल्स स्कॅमन नावाचा कप्तान बाहा कॅलिफोर्नियातील एका खाडीच्या अरुंद मुखातून आपले गलबत आत घेऊन गेला. खाडीचे स्पॅनिश नाव 'ओहो दे लिएब्रे', म्हणजे सशाचा डोळा. आत पाहतो तो माद्या आणि पिले यांची दाटी. आरंभी शिकार सोपी गेली नाही. पिलावर भाला पडला की आई उलटून होडीवर येई, शेपटाच्या एका तडाख्याने फळ्यांचा चुरा होई, माणसांची हाडे मोडत. सैतान हे नाव तेव्हाचे. ज्या प्राण्याचे लेकरू त्याच्या डोळ्यांदेखत मारावयाचे, त्याने अंगावर येऊ नये अशी अपेक्षा करणाऱ्यांनी ते ठेवले, एवढे सांगितले म्हणजे पुरे. पुढे होड्या उथळ पाण्यात नांगरून, जाणाऱ्या-येणाऱ्या जनावरांवर बंदुकीने स्फोटक भाले सोडण्याची युक्ती निघाली आणि पिंपे तेलाने भरू लागली. बातमी फुटली, गलबतांची रीघ लागली, आणि थोड्याच हंगामांत खाड्या ओस पडल्या.

स्कॅमन हा विलक्षण मनुष्य खरा. तो शिकार करी आणि त्याच प्राण्याची मापे घेई, चित्रे काढी, टिपणे ठेवी. १८७४ साली वायव्य किनाऱ्यावरील सागरी सस्तन प्राण्यांविषयीचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो आजही अभ्यासक उघडतात. करडा देवमासा लवकरच नामशेष प्राण्यांत मोजला जाईल की काय, ही शंका त्याने स्वतःच त्यात लिहून ठेवली. मारणाऱ्याने मृताचे चरित्र लिहावे तसला हा प्रकार आहे. पण ते चरित्र प्रामाणिक आहे, हेही सांगितले पाहिजे.

खाड्यांत जे गलबतांनी केले ते कॅलिफोर्नियाच्या भूमीवरून किनारी ठाण्यांनी केले. माँटेरेपासून सान दिएगोपर्यंत अशी ठाणी होती. पुष्कळ ठाण्यांवर अझोर्स बेटांतून आलेले पोर्तुगीज कामाला असत. टेकडीवर एकजण टेहळणीस बसे, फवारा दिसला की खूण करी, होड्या सुटत. मग किनाऱ्यावर चरबीचे तुकडे कढयांत वितळत. माँटेरेच्या जुन्या ठाण्यासमोर देवमाशाच्या हाडांच्या चकत्या बसवून केलेली पाऊलवाट आहे. सान दिएगोला पॉइंट लोमा या डोंगराच्या पायथ्याशी असेच एक ठाणे होते. हे नाव ध्यानी धरावे. आपल्याला तेथे पुन्हा यावयाचे आहे.

ही शिकार थांबली ती कोणाचा हात थरथरला म्हणून नव्हे. मारावयास जनावर उरले नाही, आणि दिव्यांत खनिज तेल जळू लागले. विसाव्या शतकात थोडे देवमासे पुन्हा दिसू लागताच वाफेची जहाजे आणि तरंगते कारखाने घेऊन शिकारी परतले. अखेर १९३७ च्या आंतरराष्ट्रीय कराराने या जातीस अभय मिळाले आणि १९४६ च्या कराराने ते पक्के झाले. सैबेरियाच्या टोकाला चुकोतका येथील मूळ रहिवाशांना पोटापुरती शिकार करण्याची मुभा मात्र राहिली.

आता पॉइंट लोमाकडे वळू. डोंगराच्या माथ्यावर काब्रियो राष्ट्रीय स्मारक आहे. १९५० साली तेथे लष्कराची एक जुनी इमारत लोकांना देवमासे पाहण्यासाठी उघडण्यात आली. पहिल्याच हंगामात सुमारे १०,००० माणसे आली. पायथ्याशी जेथे चरबी कढत होती, त्याच्याच माथ्यावर आता लोक फवारा दिसला की बोट दाखवून हर्षाने ओरडू लागले. १९५५ मध्ये सान दिएगोच्या एका मच्छीमाराने माणशी एक डॉलर घेऊन होडीतून देवमासे दाखविण्याचा धंदा काढला. आमच्या मते या एका डॉलरला इतिहासात स्थान आहे. मेलेल्या देवमाशाची किंमत एकदाच येते, आणि जिवंत देवमासा दर वर्षी येतो, हा हिशेब येथून सुरू झाला.

उत्सव हे या हिशेबाचे अपत्य होय. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी दक्षिण कॅलिफोर्नियात डाना पॉइंट येथे मार्चमधला देवमाशांचा उत्सव सुरू झाला. उत्तरेस मेंडोसिनो आणि फोर्ट ब्रॅग, कॅनडात व्हँकुव्हर बेटावर टोफिनो आणि युक्लूलेट, असे त्याचे भाऊबंद झाले. कोठे रस्त्यातून देवमाशाच्या आकाराची बाहुली मिरवितात, कोठे शिंपल्यांच्या दाट सूपाची चढाओढ लावतात. मार्च हा त्या किनाऱ्यावर पावसापाण्याचा, पाहुण्यांच्या टंचाईचा महिना. खाणावळवाल्यांना देवमासा योग्य वेळी उत्तरेकडे परततो याचा आनंद न झाला तरच नवल. आई आणि पिलू यांच्या जोड्या खरे पाहता एप्रिल-मे मध्ये अधिक दिसतात, पण उत्सवाची तिथी देवमासा ठरवीत नाही. यात आम्हांस हसण्यासारखे काही वाटत नाही. आपल्या जत्राही सुगीच्या हिशेबाने भरतात. ऑरेगन राज्यातील पद्धत आम्हांस अधिक आवडते. तेथे १९७८ पासून डिसेंबरअखेर आणि मार्चमध्ये, शाळांच्या सुटीच्या आठवड्यात, शिकवून तयार केलेले स्वयंसेवक किनाऱ्यावरच्या ठिकठिकाणी उभे राहतात, येणाऱ्याला फवारा ओळखावयास शिकवितात आणि मोजदाद ठेवतात. मिरवणूक नाही, वाजंत्री नाही. थंडी, वारा आणि दुर्बीण.

खाड्यांकडे काय झाले? १९७२ साली सान इग्नासिओ खाडीत पाचिको मायोराल हा मासेमारी करणारा गृहस्थ होडीत असता एक देवमासा जवळ आला आणि हलेना. त्या काळी कोळी या जनावराला भिऊन होडीचा तळ वाजवीत दूर जात. मायोरालने हात पुढे केला आणि त्याला स्पर्श केला. सैतानाचा अवतार तेथे संपला. त्यानंतर माद्या पिलांना घेऊन होड्यांपाशी येऊ लागल्या, आणि जगभरातून माणसे त्यांना हात लावण्यासाठी येऊ लागली. या प्रेमाचे बळ पुढे कसाला लागले. त्याच खाडीच्या काठी मेक्सिको सरकार आणि मित्सुबिशी यांच्या भागीदारीतील कंपनीने मीठ पिकविण्याचा प्रचंड कारखाना योजिला होता. वर्षानुवर्षे विरोध चालला. मार्च २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष सेदियो यांनी योजना रद्द केली. उत्सवाला जमणारी माणसे वेळ आली म्हणजे नुसती टाळ्या वाजवीत नाहीत, हे तेव्हा दिसले.

परंतु या कथेला दुसरी बाजू आहे, आणि ती टाळली तर आमचे सांगणे अर्धवट ठरेल. वॉशिंग्टन राज्याच्या टोकाला नीआ बे येथे माका लोक राहतात. देवमासा हा त्यांच्या गाण्यांचा, घराण्यांचा, मानपानाचा कणा. १८५५ च्या तहात त्यांनी भूमी दिली, पण देवमाशाच्या शिकारीचा हक्क लिहून ठेवला. १९२० नंतरच्या दशकात, जनावरे उरली नाहीत असे पाहून, त्यांनी आपण होऊन शिकार थांबविली. १९९४ मध्ये हा देवमासा अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून निघाला तेव्हा त्यांनी हक्क पुन्हा मागितला, आणि १७ मे १९९९ रोजी लाकडी होडीतून जाऊन, भाल्याने व नंतर बंदुकीने, एक देवमासा मारला. किनाऱ्यावर सारे गाव लोटले, इतर जमातींचे पाहुणे आले, पंगती झाल्या. तोही उत्सवच होता. त्याच वेळी विरोधकांच्या संतापाला पारावार राहिला नाही. विरोध करणाऱ्यांतील पुष्कळांचा कळवळा खरा होता हे आम्ही मान्य करतो. पण ज्यांनी समुद्र रिकामा केला त्यांच्या वारसांनी, ज्यांनी हात आवरला त्यांच्या वारसांना दयेचा पाठ द्यावा, हे आमच्या गळी उतरत नाही. पुढे प्रकरण न्यायालयांत गेले, आणि जून २०२४ मध्ये, म्हणजे पहिल्या शिकारीनंतर पंचवीस वर्षांनी, त्यांना दहा वर्षांत कमाल २५ देवमाशांची परवानगी देणारा निर्णय झाला.

आणि ज्याच्यासाठी हा सारा वाद, त्या प्राण्याची संख्या? २०१६ च्या सुमारास ती २७,००० होती, असा अमेरिकन शास्त्रज्ञांचा अंदाज. २०१९ पासून किनाऱ्यावर हाडकुळी प्रेते लागू लागली. २०२३ पर्यंत तीन देशांच्या किनाऱ्यांवर ६९० मोजली गेली. आता व्यापारासाठी भाला मारणारा कोणी नाही. उत्तरेकडील बर्फ उणे होत चालले आहे, बर्फाखाली वाढून तळाशी पडणारे शेवाळ कमी झाले, त्या शेवाळावर जगणारे चिखलातील बारीक जीव कमी झाले, आणि दहा हजार किलोमीटर उपाशी चालणाऱ्याची शिदोरी तेथेच तुटली, असे शास्त्रज्ञांना दिसते. २०२५ च्या हिवाळ्यातील मोजणीने संख्या सुमारे १३,००० वर आणून ठेवली. त्याच वसंतात उत्सव नेहमीप्रमाणे झाले. कॅलिफोर्नियातील पिएद्रास ब्लांकास येथे दीपगृहापाशी बसून उत्तरेकडे जाणारी पिले मोजण्याचा परिपाठ १९९४ पासून आहे. त्या वर्षीच्या मोजणीवरून पिलांचा अंदाज निघाला तो अवघा ८५ चा, मोजणी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत कमी.