तुमची आजा कोणती?

‘द व्हील ऑफ टाइम’ या इंग्रजी अद्भुतरम्य महाकादंबरीचे दोन चाहते प्रथमच भेटले, तर नाव-गाव विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘तुमची आजा कोणती?’ मराठी कानाला या शब्दात आजोबा ऐकू येतील. पण येथे त्यांचा काही संबंध नाही. ‘आजा’ म्हणजे या कथेतील जादूविद्यासंपन्न स्त्रियांच्या संघातील एक गट. असे सात गट आहेत आणि प्रत्येकाचा रंग वेगळा आहे. उत्तरादाखल समोरचा ‘हिरवी’ किंवा ‘तपकिरी’ असे काही सांगतो, आणि मग तास-दोन तास कसे गेले ते दोघांनाही कळत नाही. हे उत्तर चाहत्यांना बहुतेक वेळा एखाद्या स्वभावचाचणीतून मिळालेले असते. शास्त्राच्या कसोटीवर तिला काडीचीही किंमत नाही, आणि तरीही तिने जुळवलेल्या मैत्र्या खऱ्या असतात. हे कसे घडते, याचा हा शोध.

कालचक्राची कथा

रॉबर्ट जॉर्डन हे या मालिकेच्या लेखकाचे टोपणनाव. त्यांचे खरे नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी (धाकटे). अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्सटन शहरात १९४८ मध्ये त्यांचा जन्म झाला. व्हिएतनामच्या युद्धात त्यांनी हेलिकॉप्टरवरील तोफची म्हणून काम केले, परतल्यावर भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि काही काळ अमेरिकी नौदलासाठी अणुअभियंता म्हणून नोकरी केली. मालिकेचा पहिला खंड ‘द आय ऑफ द वर्ल्ड’ जानेवारी १९९० मध्ये प्रसिद्ध झाला, तर चौदावा आणि अखेरचा जानेवारी २०१३ मध्ये. याखेरीज पूर्वकथेचा एक स्वतंत्र खंड आहे. सगळे मिळून चाळीस लाखांहून अधिक शब्द भरतात.

काळ सरळ रेषेत धावत नाही, तो चक्राकार फिरतो. युगे येतात, जातात आणि पुन्हा येतात, ही या कथेची मूळ कल्पना. युगचक्राची भारतीय संकल्पना त्यामागे आहे हे मराठी वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. पाश्चात्त्य वाचकाला जे नवलाचे वाटले, ते आपल्याकडे आजीच्या गोष्टीत सहज येऊन जाते.

या जगातील जादूच्या शक्तीचे दोन भाग आहेत, एक पुरुषांचा आणि एक स्त्रियांचा. पुरुषांचा भाग प्राचीन काळी दूषित झाला. तेव्हापासून ती शक्ती वापरणारा पुरुष हमखास वेडा होतो. त्यामुळे विद्या उरली ती स्त्रियांच्या हाती. या स्त्रियांना ‘आयस सेडाय’ म्हणतात, आणि एका भव्य शुभ्र मनोऱ्यात त्यांचा संघ नांदतो. निळा गट ध्येयासाठी आणि न्यायासाठी झटणाऱ्यांचा, हिरवा रणभूमीसाठी सज्ज असणाऱ्यांचा, पिवळा वैद्यकीचा, पांढरा तर्काचा, करडा मध्यस्थीचा आणि तपकिरी ग्रंथात बुडालेल्यांचा. लाल गटाचे काम सर्वात कठोर : शक्ती वापरू लागलेले पुरुष शोधून त्यांची शक्ती हिरावून घेणे. (आठवा एक गट असल्याची कुजबुजही असते, पण त्याचा रंग कोणी उघडपणे मिरवत नाही.)

प्रश्नावली कशी रचतात?

या रचनेकडे नीट पाहिले की चाहत्यांना प्रश्नावल्या रचण्याचा मोह का आवरला नाही, ते उमगते. लेखकाने माणसाचे सात मूळ कल आधीच वेगळे करून ठेवले आहेत. चाचणी रचणाऱ्याला फक्त प्रसंग शोधायचे असतात. नमुन्यादाखल एक घ्या : गावात दोन घराण्यांत पाण्यावरून वैर पेटले आहे आणि तुम्ही तेथे पोहोचला आहात. पहिल्याप्रथम काय कराल? दोन्ही बाजूंना एका ओसरीवर बसवाल, तर करड्या. जखमींकडे धावाल, तर पिवळ्या. पाण्याचा हक्क मुळात कोणाचा हे जुनी दप्तरे काढून पाहाल, तर तपकिरी. दोघांच्याही म्हणण्यातील विसंगती दाखवाल, तर पांढऱ्या. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या बाजूने उभ्या राहाल, तर निळ्या. भांडणाऱ्यांच्या मधोमध काठी घेऊन उभ्या राहाल, तर हिरव्या. आणि ही आग लावली कोणी, त्याला आधी पकडा, असे म्हणाल, तर लाल.

अशा आठ-दहा प्रश्नांची बेरीज म्हणजे तुमचा रंग. कथेत हे गट केवळ स्त्रियांचे असले, तरी चाहत्यांच्या मेळाव्यात पुरुषही आपापला रंग आनंदाने सांगतात. प्रस्तुत प्रतिनिधीने अशा दोन प्रश्नावल्या सोडवून पाहिल्या. एकीने तपकिरी ठरवले, दुसरीने करडे. वर्तमानपत्रात काम करणाऱ्याला दोन्ही शोभून दिसतात, ही गोष्ट निराळी!

नेमकी हीच ‘शोभून दिसण्याची’ गंमत एका अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पाऊण शतकापूर्वीच उघड केली होती. बर्ट्राम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या वर्गातील ३९ विद्यार्थ्यांकडून एक स्वभावचाचणी सोडवून घेतली आणि आठवडाभराने प्रत्येकाला त्याचे ‘वैयक्तिक’ निदान दिले. ते कितपत जुळते याला पाचपैकी गुण द्या, असे सांगितले. सरासरी आली ४.२६. त्यानंतर कळले की सर्वांना अक्षरशः एकच मजकूर दिला होता, आणि तो रस्त्यावरच्या विक्रेत्याकडे मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता. रोज सकाळी वर्तमानपत्र उघडल्याबरोबर राशिभविष्याकडे वळणाऱ्या वाचकांनी या प्रयोगाचा राग मानू नये.

गंभीर मानल्या जाणाऱ्या चाचण्यांचा इतिहासही फारसा निष्कलंक नाही. पहिल्या महायुद्धात बॉम्बवर्षावाने मन खचू शकेल असे सैनिक आधीच ओळखावेत, म्हणून रॉबर्ट वुडवर्थ यांनी ‘होय-नाही’ प्रश्नांची यादी तयार केली. ती उपयोगात येण्यापूर्वीच युद्ध संपत आले. आज जगभर सर्वाधिक गाजलेली सोळा स्वभावप्रकारांची मायर्स-ब्रिग्ज चाचणी तर एका मायलेकीने घरी रचली. कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांनी कार्ल युंग यांच्या १९२१ च्या ग्रंथाचा आधार घेतला. इझाबेल यांनी त्यापूर्वी रहस्यकथा लिहिली होती. माणसांच्या स्वभावाचे ठळक नमुने पाडण्याची सवय तिथलीच असावी, असे वाटून जाते. या चाचणीवरचा मुख्य आक्षेप असा, की काही आठवड्यांनी ती पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो.

वाट पाहणाऱ्यांचा खेळ

मग मैत्री कशी होते? एक उत्तर ब्रिटनमधील ब्रिस्टल येथे सापडते. हेन्री ताशफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्ये शाळकरी मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांना काही चित्रे दाखवून त्यांची आवड विचारली आणि तुमची आवड पॉल क्ले या चित्रकाराकडे झुकते किंवा कांदिन्स्कीकडे, असे सांगून दोन गट पाडले. प्रत्यक्षात ही वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी होती. मुले एकमेकांना गटमित्र म्हणून ओळखतही नव्हती. तरीही पैसे वाटायला सांगितल्यावर त्यांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. गटाला इतिहास लागत नाही, हितसंबंध लागत नाहीत, नाव पुरते. तेथे क्लेचे नाव पुरले, येथे शालीच्या किनारीचा रंग पुरतो.

दुसरे उत्तर या मालिकेच्या विशिष्ट इतिहासात आहे. पहिले दोन खंड १९९० या एकाच वर्षात आले. पुढे मात्र अंतर वाढत गेले. दहावा खंड जानेवारी २००३ मध्ये, तर अकरावा ऑक्टोबर २००५ मध्ये आला. हाती नवीन पान नसलेल्या वाचकांनी जुन्या पानांवर तर्क लढवले, वंशावळी मांडल्या, एका पात्राचा खून कोणी केला यावर वर्षानुवर्षे वाद घातले, आणि प्रश्नावल्या रचल्या. वाट पाहणे हेच या समूहाचे घर झाले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मार्च २००६ मध्ये जॉर्डन यांनी आपल्याला रक्ताचा दुर्धर विकार असल्याचे वाचकांना कळवले. १६ सप्टेंबर २००७ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा अखेरचा खंड अपुरा होता. शेवटचा प्रसंग त्यांनी लिहून ठेवला होता, टिपणे होती, घरच्यांना सांगून ठेवलेले बरेच काही होते. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल याच त्यांच्या संपादक. ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाने वाहिलेली श्रद्धांजली त्यांच्या वाचनात आली. सँडरसन शाळेत असल्यापासून या मालिकेचे वाचक. हॅरिएट यांनी त्यांचीच निवड केली. एका खंडाचे तीन झाले आणि तेवीस वर्षांची कथा एका चाहत्याच्या हातून पुरी झाली. दरम्यान, २००९ पासून अमेरिकेतील अटलांटा परिसरात ‘जॉर्डनकॉन’ हे संमेलन भरू लागले. तेथे कोणाच्या खांद्यावर कोणत्या रंगाची शाल आहे, यावरून संभाषण सुरू होते.

टोपी, गण आणि नोकरी

हॅरी पॉटरच्या वाचकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. तेथे एक बोलकी टोपी मुलांना चार सदनांत वाटून देते. पण एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. जॉर्डन यांच्या कथेत शिक्षण संपवणारी स्त्री आपला गट स्वतः निवडते. मराठी घरातही माणसांची वाटणी नवी नाही. पत्रिका जुळवताना देव, मनुष्य की राक्षस गण, हे पाहिले जातेच. परंतु गण जन्मनक्षत्रावरून ठरतो, त्यात तुमचे कोणी काही विचारत नाही. चाहत्यांच्या प्रश्नावलीत मात्र निम्मी उत्तरे माणूस आपल्याला हव्या त्या रंगाकडे डोळा ठेवूनच देतो. म्हणजे ‘मी हिरवी आहे’ या वाक्याचा अर्थ बहुधा ‘मला हिरवी व्हायला आवडेल’ असा असतो. अनोळखी माणसापाशी आपली अशी इच्छा सहसा कोणी बोलून दाखवत नाही. रंगाच्या आडून ती सांगता येते.

धोका सुरू होतो तो ही चाचणी खेळाच्या बैठकीतून उठून मुलाखतीच्या खोलीत गेली की. मायर्स-ब्रिग्ज चाचणी उमेदवार निवडण्यासाठी वापरू नये, असे ती चालवणारी कंपनीच सांगते. तरीही चार अक्षरांवरून माणसाची योग्यता जोखण्याची हौस अनेक ठिकाणी दिसते. चाहत्यांच्या गटांतही ‘लाल म्हणजे दुष्ट’ हा शेरा थट्टेने सुरू होतो आणि कधी कधी थट्टा उरत नाही.

जॉर्डन यांनी हे आधीच लिहून ठेवले आहे. चौथ्या खंडात (१९९२) शुभ्र मनोरा फुटतो, आणि तो रंगांच्या रेषेवरच फुटतो. निळ्या गटातून आलेल्या प्रमुखेला पदावरून खेचले जाते, लाल गटातील स्त्री तिच्या आसनावर बसते आणि निळा गटच बरखास्त झाल्याचे जाहीर करते. उरलेले गट एकमेकांशी बोलेनासे होतात. बाहेर जगाचा अंत जवळ येत असताना या विदुषी मार्गिकेतून जाताना कोणाच्या शालीची किनार कोणती हे आधी न्याहाळतात.

या कथेवरील दूरचित्रमालिका अ‍ॅमेझॉनने नोव्हेंबर २०२१ मध्ये आणली. तीत हिरव्या गटातील अलाना ही भूमिका भारतीय अभिनेत्री प्रियांका बोस यांनी केली. तीन पर्वांनंतर, मे २०२५ मध्ये मालिका बंद करण्यात आली. त्यामुळे पडद्यावर न पोहोचलेली कथा जाणून घ्यायची, तर पुस्तकांकडेच वळावे लागते. फुटलेला मनोरा पुन्हा सांधणारी तरुणीही तेथेच पूर्णपणे भेटते. रसभंग नको म्हणून तिचे नाव येथे देत नाही. प्रमुखपदाच्या उपरण्यावर सातही रंगांचे पट्टे असतात. ते खांद्यावर येईपर्यंत तिने कोणतीच आजा निवडलेली नसते.