पेट्रोलचे ऑक्टेन आणि इंजिनाचे संपीडन : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील मोटारसायकलीचा इतिहास बहुधा कारखान्याच्या बाजूने लिहिला जातो. आकुर्डी, चाकण, परकीय तंत्रज्ञानाचे करार आणि विक्रीचे आकडे ही त्याची परिचित सामग्री होय. इंजिनात जे जळते त्या पेट्रोलचा इतिहास त्यात क्वचितच येतो. वस्तुतः इंजिनाची ताकद किती वाढविता येईल हे गॅरेजमधील मिस्त्रीच्या कौशल्याइतकेच पंपावरच्या पेट्रोलवर अवलंबून होते. प्रस्तुत लेखात या मर्यादेचा मागोवा घेतला असून त्यासाठी रायगडचा किनारा निवडला आहे. मुंबई हायमधील खनिज तेल १९७८ पासून समुद्रतळाच्या नळाने उरणच्या किनाऱ्यावर येऊ लागले व तेथून तुर्भ्याच्या शुद्धीकरण कारखान्यांकडे गेले. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनचे रस्ते मुंबई-पुण्याच्या हौशी दुचाकीस्वारांचे जुने ठिकाण आहेत. तेलाची वाट आणि दुचाकीची वाट अशा दोन्ही येथे एकत्र येतात.

संपीडन आणि ठोका

सिलिंडरमधील मिश्रण पेटण्यापूर्वी किती पट दाबले जाते याचे प्रमाण म्हणजे संपीडन गुणोत्तर. सैद्धांतिक गणिताप्रमाणे ते ६.५ असताना कार्यक्षमता सुमारे ५३ टक्के, तर ११ असताना सुमारे ६२ टक्के येते. प्रत्यक्षात यातील बराच भाग उष्णता व घर्षणात जातो, परंतु वाढीची दिशा तीच राहते. म्हणूनच हेड लेथवर घासून ज्वलनकक्ष लहान करणे हा गॅरेजमधील ताकद वाढविण्याचा सर्वांत जुना व स्वस्त उपाय ठरला.

यास अडसर होता तो ठोक्याचा. दाब व उष्णता मर्यादेपलीकडे गेल्यास ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण एकदम पेट घेते, धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो आणि असे फार काळ चालल्यास पिस्टनला भोक पडते. हे टाळण्याची पेट्रोलची क्षमता ऑक्टेन अंकाने मोजतात. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली याने शिशाच्या संयुगाने ठोका थांबतो हे दाखविले आणि पुढील अनेक दशके जगभराच्या पेट्रोलमध्ये हे विष मिसळले गेले. भारतात शिसे घालूनही सर्वसाधारण पेट्रोल ८७ ऑक्टेनचेच राहिले. बुलेट ३५० चे संपीडन दीर्घकाळ ६.५ इतके माफक ठेवले गेले, त्यामागील शहाणपण येथे ध्यानात येते. मद्रासच्या त्या इंजिनाला पुष्कळदा मागासलेले म्हटले जाते. हलक्या पेट्रोलच्या देशात ते योग्य होते, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

घाटावरचे जेट, किनाऱ्यावरची हवा

१९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने राजदूत ३५० बाजारात आणली आणि १९८५ मध्ये ९८ घन सेंटिमीटरची आरएक्स १०० आली. या दोन टू-स्ट्रोक गाड्यांनी इंजिन 'बनवून घेण्याची' हौस तरुणांमध्ये रुजविली. हेड घासणे, पोर्ट मोठे करणे, कार्बुरेटरचे जेट बदलणे ही कामे होऊ लागली. परंतु शर्यतीचे इंजिन आणि रस्त्यावरचे इंजिन यांतील भेद अनेकांच्या लक्षात आला नाही. शर्यतीत थ्रॉटल बहुतांश वेळ पूर्ण उघडा असतो आणि तेथे मेन जेटचे राज्य चालते. नागाव-चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारा स्वार मात्र पाव-अर्ध्या थ्रॉटलवर असतो. तेथे पायलट जेट व सुईची उंची महत्त्वाची. पुढे कार्लेखिंडीच्या चढावर वरच्या गियरमध्येच थ्रॉटल पूर्ण पिळला की वाढविलेल्या संपीडनाचा ठोका प्रथम ऐकू येतो.

त्यातच भूगोलाची भर पडते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तेथील विरळ हवेत जुळविलेला कार्बुरेटर खंडाळ्याचा किंवा ताम्हिणीचा घाट उतरून किनाऱ्यावर आला, की दाट हवेमुळे त्याचे मिश्रण पेट्रोलच्या मानाने विरळ होते. फरक दोन-तीन टक्क्यांचा. कारखान्याच्या मूळ इंजिनाला तो जाणवतही नाही. मुळात काठावर जुळविलेल्या इंजिनाला मात्र तो पुरतो. हवा दाट झाल्याने सिलिंडर अधिक भरतो, म्हणजे ठोक्यास दोन्ही बाजूंनी निमंत्रण मिळते. जाणता मिस्त्री म्हणूनच किनाऱ्यावर आल्यावर प्लग काढून पाहतो. टोक विटकरी असेल तर ठीक, पांढरे पडले असेल तर जेट मोठे हवे. हे ज्ञान पुस्तकांत नव्हते, हातांत होते. त्यामुळे त्याची लेखी साधने जवळजवळ नाहीत.

पेट्रोलची विश्वासार्हता हा याहून गंभीर प्रश्न होता. स्वस्त धान्य दुकानांतील अनुदानित निळे रॉकेल आणि पेट्रोल यांच्या किमतींतील दरीने भेसळीचा धंदा उभा केला. रॉकेलचे ऑक्टेन अत्यल्प असल्याने थोडीशी भेसळही जास्त संपीडनाच्या इंजिनाला मारक ठरते. या धंद्याची क्रूरता २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ दिसली. भेसळखोरांना रोखणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. पिस्टनचे नुकसान त्यापुढे काहीच नव्हे.

कारखान्याचे उत्तर

१ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल अनिवार्य झाले. ऑक्टेन मात्र ८८ पर्यंतच पोहोचले. ९१ चे मानक मुंबई-पुण्यात २००५ मध्ये आणि देशात इतरत्र २०१० पासून आले. बजाजने २००१ मध्ये पल्सर आणली आणि २००३ मध्ये तिला प्रत्येक सिलिंडरमागे दोन स्पार्क प्लग दिले. ज्योत दोन बाजूंनी निघाल्याने मिश्रण लवकर जळते आणि ठोक्याला अवसर उरत नाही. या एकस्वावरून बजाज व टीव्हीएस यांच्यात २००७ पासून वादही झाला. २०१२ च्या पल्सर २०० एनएसमध्ये प्लग तीन झाले, इंजिन द्रवशीतित झाले आणि संपीडन ११ वर गेले. जे गॅरेजमध्ये लेथवर साधत नव्हते ते कारखान्याने ज्वलनकक्षाच्या रचनेतून साधले.

इथेनॉलचे पर्व

२००१ मध्ये इथेनॉल मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळ सुरू झाले. २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण लागू करण्यात आले. उसाच्या राज्याला त्यात स्वाभाविक रस होता. २०२५ पर्यंत मिश्रण वीस टक्क्यांवर गेले आणि साध्या पेट्रोलचे ऑक्टेन ९५ झाले. चार दशके हौशी लोक ज्याची वाट पाहत होते ते ऑक्टेन अखेर गावोगावच्या पंपावर आले, पण इथेनॉलच्या सोबतीने. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला केवळ ९. वीस टक्के मिश्रणात हे प्रमाण सुमारे १३.५ वर येते. आधुनिक फ्युएल इंजेक्शन ही दुरुस्ती बऱ्याच अंशी आपोआप करते. आरएक्स १०० चा कार्बुरेटर करू शकत नाही. ठोका कमी झाला तरी मिश्रण विरळ पडून इंजिन तापते.

जुन्या गाडीचे जेट एक-दोन क्रमांकांनी मोठे करणे, रबरी नळ्या बदलणे हा त्यावरचा सोपा उपाय. हेड घासून संपीडन वाढविणे ही गोष्ट निराळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती उचलून धरली आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठरविली. दोन्ही कामे एकाच मिस्त्रीच्या एकाच बाकावर होतात. किनाऱ्यावर त्यात पावसाळ्याचीही भर आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, आणि पाणी फार झाले की ते पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. अलिबाग-मुरूडच्या घरांत जून ते सप्टेंबर उभी राहणारी गाडी सुरू करण्यापूर्वी फ्लोट बाउल रिकामा करावा लागतो.