चॅम्पियन झाले आणि ५१ दिवसांत बंद पडले

बे एरिया म्हटलं की आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना पैसे संपलेले स्टार्टअप आठवतात. एफसी गोल्ड प्राइड हा महिला फुटबॉल क्लबही तिथलाच. २००९ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये शेवटचा नंबर. मग लॉस एंजेलिस सोल हा संघ एकाच हंगामानंतर गुंडाळला गेला आणि त्यांची ब्राझिलियन स्टार मार्ता इकडे आली. कॅनडाची क्रिस्टीन सिंक्लेअर होतीच. २०१० च्या साखळीत संघ २४ पैकी फक्त ३ सामने हरला. एकट्या मार्ताचे १९ गोल! २६ सप्टेंबरला हेवर्डमधल्या विद्यापीठाच्या छोट्याशा मैदानावर फायनल झाली. फिलाडेल्फिया इंडिपेन्डन्सचा ४-० ने धुव्वा.

१६ नोव्हेंबरला क्लब बंद. मालकांना खर्च झेपेना, नवे गुंतवणूकदार मिळेनात. हरून बंद पडले असते तर निदान कारण तरी कळलं असतं. खेळाडूंनी आणखी काय करायचं होतं?

मार्ता वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅशकडे गेली. २०११ चं विजेतेपद त्यांचं. २०१२ च्या हंगामाआधी अख्खी लीगच थांबली, म्हणून ती स्वीडनच्या ट्युरेसोत. तो क्लब २०१४ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या फायनलपर्यंत गेला आणि त्याच वर्षी दिवाळखोरीत निघाला.